निकट अंतरावरील सशस्त्र हल्ल्यापासून स्वसंरक्षण

निकट अंतरावरील सशस्त्र हल्ल्यापासून स्वसंरक्षण म्हणजे चाकू, कोयता, लाठी किंवा पिस्तूल हाती असलेला हल्लेखोर हाताच्या अथवा काही पावलांच्या अंतरावर असताना स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी केलेली कृती होय. धोका ओळखणे, अंतर वाढवणे, आडोसा घेणे, शस्त्र धरलेला हात अडवणे, निसटणे आणि जखमेतील रक्तस्राव थांबवणे या सर्व गोष्टींचा तीत समावेश होतो. युद्धकला, पोलीस प्रशिक्षण, न्यायवैद्यक आणि फौजदारी कायदा या चार क्षेत्रांत या विषयाचा स्वतंत्रपणे विचार झालेला आहे. चित्रपटांमुळे रूढ झालेल्या समजुतीनुसार हा विषय मुख्यतः शस्त्र हिसकावून घेण्याच्या डावांचा आहे. प्रत्यक्षात तो अंतराचा आणि वेळेचा विषय आहे. शस्त्र हिसकावणे हा त्यातील शेवटचा व सर्वांत अनिश्चित भाग मानला जातो.

व्याप्ती

'निकट अंतर' या संज्ञेची सर्वमान्य मोजणी नाही. धारदार किंवा बोथट शस्त्राच्या बाबतीत हल्लेखोर एकदोन सेकंदांत गाठू शकेल एवढे अंतर निकट समजले जाते. बंदुकीच्या बाबतीत हात लांब करून नळीला स्पर्श करता येईल एवढेच अंतर निकट धरतात, कारण त्यापलीकडे रिकाम्या हाताने प्रतिकार करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कोणत्या शस्त्राचा धोका अधिक, हे देशागणिक बदलते. इंग्लंड व वेल्समध्ये खुनासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांत धारदार शस्त्राचे प्रमाण सर्वाधिक असते, तर अमेरिकेत बंदुकीचे. महाराष्ट्रात, विशेषतः पुणे परिसरात, ऊसतोडणीचा व नारळ सोलण्याचा कोयता गुन्ह्यांत वारंवार वापरला गेल्याने 'कोयता गँग' हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांत रूढ झाला आहे. स्वयंपाकघरात, शेतात किंवा हातगाडीवर सहज मिळणारी अवजारे परवान्याच्या कक्षेबाहेर राहत असल्याने अशा हल्ल्यांना पूर्वतयारीची फारशी गरज लागत नाही.

अंतर आणि वेळ

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी पोलीस दलातील सार्जंट डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये 'स्वॉट' या नियतकालिकात एक लेख लिहिला. चाकू घेऊन धावत येणारा मनुष्य किती अंतरावर असेपर्यंत पोलिसाला पिस्तूल काढून गोळी झाडता येते, असा प्रश्न त्यांनी त्यात मांडला होता. सरावातील निरीक्षणांवरून सामान्य प्रकृतीचा मनुष्य २१ फूट, म्हणजे सुमारे ६.४ मीटर अंतर अंदाजे दीड सेकंदात कापतो, असे त्यांना आढळले. कमरेचे पिस्तूल काढून नेम धरण्यासही प्रशिक्षित पोलिसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजेच चाकूधारी हल्लेखोर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असला तरी तो 'दूर' नसतो.

या निरीक्षणाला पुढे 'एकवीस फुटांचा नियम' असे नाव पडले आणि त्याचा विपर्यासही झाला. २१ फुटांच्या आत चाकू घेऊन आलेल्या कोणावरही गोळी झाडणे समर्थनीय ठरते, असा अर्थ अनेक पोलीस दलांत लावला गेला. आपण असा नियम सांगितला नव्हता, असे ट्यूलर यांनी स्वतः नंतर स्पष्ट केले. पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या अमेरिकी संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बळवापराविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत या कल्पनेऐवजी अंतर राखणे, आडोसा घेणे आणि बोलून वेळ मिळवणे यांवर भर दिला.

निःशस्त्र नागरिकाच्या दृष्टीने ट्यूलर यांच्या निरीक्षणाचा निष्कर्ष निराळा आणि अधिक उपयोगी आहे. डोळ्यांना दिसलेल्या साध्या संकेताला हाताने प्रतिसाद देण्यास मनुष्याला सुमारे पाव सेकंद लागतो. संकेत अनेक असतील आणि त्यांतून प्रतिसाद निवडायचा असेल, तर हा काळ वाढतो. हाताच्या अंतरावरून केलेला भोसकण्याचा वार याहून कमी वेळात पूर्ण होऊ शकतो. म्हणून एवढ्या जवळून सुरू झालेला पहिला वार पाहून मग अडवणे हे कौशल्यापेक्षा नशिबावर अवलंबून असते. याउलट अंतरात पडलेले प्रत्येक पाऊल प्रतिसादासाठी काही क्षण मिळवून देते. मध्ये टेबल, मोटार, दुचाकी किंवा अर्धवट लोटलेले दार असेल, तर हल्लेखोराला सरळ रेषेत येता येत नाही आणि हा काळ कित्येक पटींनी वाढतो.

हल्ल्याचे प्रत्यक्ष स्वरूप

व्यायामशाळांत पूर्वापार शिकवला जाणारा वार बहुधा एकच असतो. हात वर उगारून किंवा सरळ पुढे करून हल्लेखोर एकदा वार करतो आणि हात तसाच ठेवतो. वास्तवातील हल्ले असे क्वचितच होतात. शस्त्र पाठीमागे, बाहीत किंवा पिशवीत लपवलेले असते. हल्लेखोर बोलण्याच्या, पत्ता विचारण्याच्या किंवा भांडणाच्या निमित्ताने जवळ येतो, रिकाम्या हाताने कपडा किंवा मान धरतो आणि दुसऱ्या हाताने लहान, झटपट व लागोपाठ वार करतो. आपल्याला बुक्का मारला असे वाटले आणि रक्त पाहिल्यावर चाकू असल्याचे कळले, असे जखमी व्यक्ती अनेकदा सांगतात.

भयाच्या क्षणी शरीरात होणाऱ्या बदलांना अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 'लढा किंवा पळा' प्रतिसाद असे म्हटले. हृदयाचे ठोके वाढतात, दृष्टी शस्त्रावर खिळून भोवतालचे दिसेनासे होते, ऐकू येणे कमी होते आणि बोटांच्या नाजूक हालचाली बिघडतात. काही जण जागीच थिजतात. हा भित्रेपणा नव्हे, तर प्राणिमात्रांत आढळणारा स्वाभाविक प्रतिसाद आहे. बोटांच्या अचूक पकडीवर अवलंबून असलेले गुंतागुंतीचे डाव अशा अवस्थेत निकामी ठरतात. म्हणून बहुतेक आधुनिक पद्धतींत दोन्ही हातांनी ढकलणे, कवटाळणे, खेचणे अशा ढोबळ हालचालींनाच प्राधान्य असते.

इतिहास

रिकाम्या हाताने शस्त्राला तोंड देण्याचे लिखित शिक्षण युरोपात पंधराव्या शतकाच्या आरंभापासून सापडते. इटलीतील फ्रिउली प्रांतातील शस्त्रगुरू फिओरे दे लिबेरी यांच्या 'फिओर दी बात्तालिया' या सचित्र ग्रंथात कट्यारीविरुद्धच्या बचावाला मोठी जागा दिली आहे. कट्यार काढून घेणे, प्रहार करणे, हात मोडणे, हात जखडणे आणि पाडणे अशा पाच गोष्टी त्यांनी सांगितल्या असून प्रत्येकीची सुरुवात शस्त्रधारी हात अडवण्यापासून होते. डच मल्ल निकोलास पेटर यांचा १६७४ मध्ये प्रसिद्ध झालेला कुस्तीचा ग्रंथ चाकूहल्ल्यावरील प्रतिडावांमुळे आणि रोमेन द होख यांच्या कोरीव चित्रांमुळे प्रसिद्ध आहे.

जपानमध्ये कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये स्थापन केलेल्या कोदोकान या जुदो संस्थेत 'किमे नो काता' या संचात कट्यार व तलवारीविरुद्धचे डाव समाविष्ट आहेत. १९५६ मध्ये याच संस्थेने 'कोदोकान गोशिन जुत्सु' हा नवा संच प्रमाणित केला. त्यातील २१ डावांपैकी ९ डाव शस्त्राविरुद्धचे आहेत. कट्यार, काठी आणि पिस्तूल यांना प्रत्येकी तीन डाव अशी त्यांची वाटणी आहे. तलवार गळून पिस्तूल आले, हा काळाचा बदल त्यात स्पष्ट दिसतो.

विसाव्या शतकातील पोलिसी व लष्करी पद्धतींवर विल्यम फेअरबेर्न यांचा प्रभाव मोठा आहे. शांघाय महानगरपालिकेच्या पोलीस दलात काम करताना त्यांनी जुजुत्सु, मुष्टियुद्ध व चिनी कलांतून निवडक भाग घेऊन 'डिफेंडू' ही पद्धत बसवली आणि १९२६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना त्यांनी हेच शिक्षण दिले. इमी लिख्टेनफेल्ड यांनी १९३०च्या दशकात ब्रातिस्लाव्हातील ज्यूविरोधी टोळ्यांशी रस्त्यावर झालेल्या झटापटींतून धडे घेतले. कुस्ती व मुष्टियुद्धात पारंगत असूनही आखाड्यातील नियम रस्त्यावर उपयोगी पडत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे इस्रायली सैन्यात त्यांनी उभी केलेली पद्धत 'क्राव मगा' या नावाने जगभर पसरली.

भारतीय परंपरा

केरळच्या कळरिप्पयट्टू या कलेत शिक्षणाचे चार टप्पे मानतात. प्रथम शरीर घडवणारी मैत्तारी, नंतर काठ्यांची कोल्त्तारी, मग धातूच्या शस्त्रांची अंगत्तारी आणि अखेरीस रिकाम्या हातांची वेरुंकै. हा क्रम लक्षणीय आहे. शस्त्राविरुद्ध रिकामा हात वापरण्याची पाळी शिष्य स्वतः शस्त्र चालवण्यात तयार झाल्यानंतरच येते. शस्त्राचा पल्ला, वेग आणि वाट ठाऊक नसलेल्याने त्याला हात घालू नये, असा व्यवहारी विचार त्यामागे दिसतो.

महाराष्ट्रातील व्यायामशाळांत लाठी, बोथाटी, फरी-गदगा, पट्टा आणि जंबिया यांचे हात शिकवले जात. हात रिकामा असताना सशस्त्र प्रतिस्पर्ध्याला आवरण्याच्या युक्त्यांना बिनोट म्हणत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी विसाव्या शतकात यांतील बरेच प्रकार सांघिक कवायतीच्या रूपात टिकवून धरले. कवायतीमुळे ते शाळाशाळांत पोहोचले, मात्र आकड्यांवर एकसाथ केलेल्या हालचालींत प्रतिस्पर्धीच उरला नाही. जंबियाचे हात करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा मूळ उपयोग अनेकदा ठाऊक नसतो.

प्रतापगडाची भेट

मराठ्यांच्या इतिहासातील निकट अंतरावरील हल्ल्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी घडला. विजापूरचा सरदार अफझलखान आणि शिवाजी महाराज यांची भेट शामियान्यात ठरली होती. सभासद बखरीतील वर्णनानुसार आलिंगन देताना खानाने महाराजांची मान काखेत दाबली आणि जमदाडीचा वार कुशीत केला. अंगातील चिलखती कुडतीवर तो वार खरखरत गेला, शरीराला लागला नाही. त्यानंतर महाराजांनी डाव्या हातातील वाघनखे खानाच्या पोटात चालवली आणि उजव्या हातातील बिचव्याने वार केला. खानाच्या बाजूच्या सय्यद बंडाने केलेला हल्ला जिवा महालाने परतवला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण त्यावरूनच पडली.

पहिला वार कोणी केला, याविषयी मराठी, फार्सी व इंग्रजी साधनांत एकवाक्यता नाही. मात्र स्वसंरक्षणाच्या दृष्टीने या प्रसंगाचा विचार करताना वाघनखांपेक्षा चिलखत अधिक महत्त्वाचे ठरते, ही बाब लोकप्रिय वर्णनांत झाकोळली जाते. मान पकडलेली असताना इतक्या जवळून केलेला वार चापल्याने चुकवणे जवळजवळ अशक्य असते. तो निष्फळ ठरला तो भेटीपूर्वी केलेल्या तयारीमुळे. दुसरा हल्लेखोर आला तेव्हा दुसरा रक्षकही हजर होता, हेही त्याच तयारीचे अंग. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील, या प्रसंगाशी परंपरेने जोडली गेलेली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी आणण्यात आली. ती प्रतापगडावर वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, अशी लंडनच्या संग्रहालयाची भूमिका आहे.

प्रतिकाराची तत्त्वे

विविध पद्धतींचे डाव भिन्न असले तरी त्यांच्या क्रमाविषयी बरेच मतैक्य आहे. लुटारूला केवळ पैसे, मोबाइल किंवा दागिना हवा असेल, तर तो देऊन टाकावा, हा सल्ला जवळपास सर्वत्र दिला जातो. वस्तू हातात ठेवण्याऐवजी बाजूला टाकून विरुद्ध दिशेने निघून गेल्यास अंतर आपोआप वाढते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. हल्लेखोर बळजबरीने वाहनात किंवा निर्जन जागी नेऊ पाहत असेल, तर त्याचा हेतू वस्तूपुरता नसतो, आणि गर्दीच्या जागीच आरडाओरडा व प्रतिकार करणे बहुतेक प्रशिक्षक श्रेयस्कर मानतात.

पळण्याची वाट असेल तर पळणे हाच सर्वोत्तम उपाय होय. इंग्लंडमध्ये पोलीस नागरिकांना 'पळा, लपा, कळवा' असे सांगतात. अमेरिकेत ह्यूस्टन शहराने २०१२ मध्ये प्रसृत केलेल्या चित्रफितीमुळे 'पळा, लपा, लढा' हे सूत्र रूढ झाले. दोन्हींत पहिले दोन शब्द सारखेच आहेत.

वाट नसेल तेव्हा हाताशी असलेली कोणतीही वस्तू मध्ये आणावी लागते. दप्तर, खुर्ची, छत्री, हेल्मेट किंवा जाड कपडा गुंडाळलेला हात वार पूर्णपणे थांबवत नसला तरी तो छाती, पोट व मान यांपासून दूर ठेवतो. लंडन ब्रिजजवळील फिशमाँगर्स हॉलमध्ये २९ नोव्हेंबर २०१९ रोजी दोन चाकू घेतलेल्या हल्लेखोराला उपस्थितांनी भिंतीवरील नार्व्हालचा लांब सुळा आणि अग्निशामक नळकांडे घेऊन तोंड दिले. त्याला पुलावर रेटत नेऊन त्यांनी पोलीस येईपर्यंत खाली दाबून धरले. या हल्ल्यात दोन तरुण मृत्युमुखी पडले. सुळ्यासारख्या लांब वस्तूने चाकूचा पल्ला निरर्थक केला आणि नळकांड्यातील फवाऱ्याने हल्लेखोराची दृष्टी अडवली.

अंगाशी भिडणे अटळ झाल्यास चाकूच्या पात्याचा नव्हे, तर चाकू धरलेल्या हाताचा विचार करावा, हे तत्त्व फिओरेंपासून क्राव मगापर्यंत कायम आहे. दोन्ही हातांनी हल्लेखोराचा कोपर ते मनगट हा भाग पकडून स्वतःच्या शरीराशी किंवा भिंतीशी घट्ट दाबणे, त्याचा तोल घालवणे आणि पकड न सोडता प्रहार करणे असा सर्वसाधारण क्रम असतो. मनगटाची पकड रक्ताने व घामाने निसरडी होते, म्हणून कोपराजवळची मिठी अधिक टिकाऊ मानतात. एका हाताने वार अडवून दुसऱ्या हाताने ठोसा मारण्याची पद्धत दिसायला आकर्षक असली, तरी हल्लेखोर हात मागे खेचून पुन्हा वार करतो तेव्हा ती उघडी पडते. हाताला जखम होणारच, हे गृहीत धरून ती धड आणि मानेऐवजी पुढच्या हातावर, शक्यतो त्याच्या बाहेरच्या बाजूवर घेणे हा या पद्धतींमागचा कटू पण प्रामाणिक हिशेब आहे.

बंदुकीच्या बाबतीत धोका नळीच्या तोंडासमोरील सरळ रेषेत असतो. त्यामुळे शरीर त्या रेषेबाहेर नेणे आणि नळी दूर वळवून पकडून ठेवणे या दोन क्रिया एकाच वेळी कराव्या लागतात. हाताच्या अंतरापलीकडून रोखलेल्या पिस्तुलावर झेप घेणे जवळजवळ आत्मघातकी असते. तेथे आडोसा, तिरके पळणे किंवा मागणी मान्य करणे हेच पर्याय उरतात.

तुकाराम ओंबळे

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीवर घडलेली घटना या विषयाच्या चर्चेत हमखास येते. मध्यरात्रीच्या सुमारास पळवलेल्या मोटारीतून आलेल्या दोन दहशतवाद्यांना पोलिसांनी तेथे अडवले. चकमकीत एक जण मारला गेला. दुसरा, अजमल कसाब, एके-४७ घेऊन बाहेर आला तेव्हा केवळ लाठी हाती असलेले सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्याच्या बंदुकीची नळी पकडली. अगदी जवळून गोळ्या लागूनही त्यांनी ती सोडली नाही. तेवढ्या अवधीत इतर पोलिसांनी कसाबला जिवंत पकडले. हल्ल्याचा कट उलगडण्यात आणि पुढील खटल्यात त्याचे जिवंत हाती लागणे निर्णायक ठरले. मूळचे सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या ओंबळे यांना २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. महाराष्ट्रात आढळलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका प्रजातीला संशोधकांनी त्यांच्या स्मरणार्थ 'आयसियस तुकारामी' असे नाव दिले आहे.

ही घटना स्वसंरक्षणाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, परंतु ते वर्णन पुरेसे नाही. ओंबळे यांच्या कृतीने त्यांचा स्वतःचा बचाव झाला नाही. नळी सहकाऱ्यांकडे वळू न देणे हे त्यांनी साधले. नळीवरील पकड टिकली तर बंदूक इतरांसाठी निरुपयोगी होते, आणि ती पकड टिकवण्याची किंमत पकडणाऱ्याला चुकवावी लागू शकते, या दोन्ही गोष्टी या घटनेतून एकत्रच दिसतात.

त्रयस्थांचा हस्तक्षेप

निकट हल्ल्यात जखमीपेक्षा बाजूला उभी असलेली व्यक्ती अनेकदा अधिक प्रभावी ठरते, कारण हल्लेखोराचे लक्ष तिच्याकडे नसते. जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत भरदिवसा कोयता घेऊन एका तरुणीचा पाठलाग करणाऱ्या हल्लेखोराचा वार स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने अडवला. त्यानंतर आणखी काही जण धावून आले आणि तरुणीचा जीव वाचला. एक जण पुढे झाल्याशिवाय जमाव हलत नाही, हे समाजमानसशास्त्राने 'बघ्यांचा परिणाम' या नावाने अभ्यासलेले निरीक्षण त्या दिवशीही खरे ठरले. पुढे होणे म्हणजे शस्त्राला हात घालणे असेच नव्हे. दुरून आरडाओरडा करणे, दुकानाचे शटर उघडून पीडिताला आत घेणे आणि ११२ या क्रमांकावर कळवणे हाही हस्तक्षेपच आहे.

जखमा आणि प्रथमोपचार

वार अडवताना हातांवर होणाऱ्या जखमांना न्यायवैद्यकात प्रतिकारजन्य जखमा म्हणतात. पाते पकडल्यास त्या तळव्यावर व बोटांच्या आतील बाजूस होतात, तर हात आडवा धरल्यास पुढच्या हाताच्या करंगळीकडील कडेवर व मागील बाजूस. मृत वा जखमी व्यक्ती शुद्धीवर होती आणि तिने प्रतिकार केला, याचा त्या पुरावा ठरतात. त्यांचा अभाव मात्र प्रतिकार झालाच नाही असे सिद्ध करत नाही. हल्ला मागून किंवा अनपेक्षित झाला असेल तरीही त्या नसतात.

प्रौढाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. मान, काख किंवा जांघेतील मोठी धमनी कापली गेल्यास काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. म्हणून हल्ला थांबताच शरीर चाचपून जखमा शोधणे आवश्यक असते, कारण आवेगात वेदना जाणवत नाहीत. जखमेवर स्वच्छ कापडाने सतत जोरात दाब द्यावा. जांघेसारख्या ठिकाणी खोल जखम असल्यास कापड आत ठासून दाबावे. हातापायातून न थांबणारा रक्तस्राव होत असेल, तर जखमेच्या वर, सांधा टाळून, रुंद पट्टा किंवा टूर्निकेट आवळावे आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी. शरीरात रुतलेले पाते उपसून काढू नये. ते रक्तवाहिनीचे तोंड दाबून धरत असण्याची शक्यता असते.

अशा जखमा पोलिसांना कळवणे बंधनकारक असल्याने पूर्वी काही रुग्णालये आधी पोलिसी सोपस्कारांचा आग्रह धरत. परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार (१९८९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवणे हे सरकारी व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे प्रथम कर्तव्य असून त्यासाठी कागदपत्रांची वाट पाहता येणार नाही, असे स्पष्ट केले.

भारतीय कायद्यातील स्थान

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क सांगितला आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता आणि आशयात फारसा बदल झालेला नाही. हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता मर्यादित नसून अन्य कोणाच्याही शरीराच्या रक्षणासाठी वापरता येतो. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी असा हल्ला, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या इराद्याने केलेला हल्ला, आम्ल फेकण्याचा प्रयत्न अशा कलम ३८ मधील सात परिस्थितींत हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क जातो. इतर हल्ल्यांत मृत्यूखेरीज अन्य इजा करण्यापुरताच तो आहे.

कायदाही येथे काळाच्याच भाषेत बोलतो. धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच हक्क सुरू होतो, पहिला वार बसेपर्यंत थांबण्याची गरज नसते, आणि ती भीती संपताच हक्कही संपतो. चाकू खाली पडल्यानंतर, हल्लेखोर पाठ फिरवून पळू लागल्यानंतर किंवा तो पुरता जखडला गेल्यानंतर केलेला वार बचाव राहत नाही. तो सूड समजला जातो. पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल, तर हक्क उपलब्ध नसतो. बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. सद्भावनेने मर्यादा ओलांडली जाऊन मृत्यू घडल्यास तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो.

'आवश्यक तेवढी इजा' म्हणजे नेमकी किती, या प्रश्नावर न्यायालयांनी बचाव करणाऱ्याला बरीच मोकळीक दिली आहे. देव नारायण विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९७३) या प्रकरणात डोक्यावर लाठीचा वार झालेल्या व्यक्तीने भाला वापरला होता. समोरच्याकडे केवळ लाठी होती म्हणून भाल्याचा वापर समर्थनीय नाही, हे उच्च न्यायालयाचे मत सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले. डोक्यासारख्या नाजूक भागावर लाठीही जीवघेणी ठरू शकते, आणि त्या क्षणी मोजूनमापून वार करण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात या हक्काची दहा तत्त्वे एकत्र मांडण्यात आली. धोका खराखुरा असण्याची गरज नाही, त्याची वाजवी भीती पुरेशी आहे, हे त्यांतील एक.

खासगी बचावाची बाब सिद्ध करण्याची जबाबदारी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आरोपीवर असते. परंतु त्याला ती निःसंशय सिद्ध करावी लागत नाही. घटना तशी घडल्याची शक्यता अधिक आहे एवढे दाखवणे पुरते, आणि हे सरकार पक्षाच्या पुराव्यातूनही दाखवता येते. म्हणून हातावरील जखमांची वैद्यकीय नोंद, फाटलेले कपडे आणि पोलिसांना तत्काळ दिलेली माहिती यांना अशा खटल्यांत मोठे महत्त्व येते.

स्वसंरक्षणाची साधने जवळ बाळगली म्हणून त्यांचा प्रत्येक वापर बचाव ठरत नाही. मिरपुडीच्या फवाऱ्याबाबतच्या एका प्रकरणात २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने जिवाला तातडीचा धोका दिसत नसताना केलेल्या वापराला खासगी बचावाचे संरक्षण देण्यास नकार दिला.

प्रशिक्षण आणि टीका

समग्र शिक्षा योजनेअंतर्गत शासकीय शाळांतील इयत्ता सहावी ते बारावीच्या मुलींना राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण दिले जाते. त्याचा कालावधी तीन महिन्यांचा असतो. याशिवाय शहरांत कराटे, क्राव मगा व इतर वर्ग आणि एक-दोन दिवसांची शिबिरे भरतात. अल्पकालीन शिबिरांवरील मुख्य आक्षेप असा, की सहकार्य करणाऱ्या जोडीदारासोबत संथपणे केलेले शस्त्र हिसकावण्याचे डाव शिकणाऱ्याला नसलेला आत्मविश्वास देतात आणि तो पळण्याऐवजी भिडतो. मैत्रीण मनगट सैल सोडते, हल्लेखोर सोडत नाही. त्यामुळे गंभीर प्रशिक्षक सरावात रबरी किंवा रंग लावलेला चाकू वापरतात, हल्लेखोराची भूमिका करणाऱ्याला मनाप्रमाणे वार करू देतात आणि शेवटी कपड्यांवरील रंगाचे डाग मोजतात. कसलेल्या विद्यार्थ्याच्या अंगावरही डाग उरतातच. अनेक वर्गांत हा सराव पहिल्याच दिवशी घेतला जातो आणि उरलेला वेळ दार, अंतर, आवाज व पळण्याची वाट यांवर दिला जातो.